कसं लागतंय, सांगा की

दस्तगीर मिस्त्रींच्या समोर बसून सुखानं जेवलेला माणूस कोल्हापूरच्या अख्ख्या मंगळवार पेठेत सापडणार नाही. जेवण वाईट असायचं म्हणून नव्हे. त्यांच्या बायकोच्या, जुलेखाभाभींच्या हातचा तांबडा रस्सा खायला लोक निमित्तं काढून त्यांच्या घरी जात. अडचण रश्शाची नव्हती, मिस्त्रींची होती. तुम्ही पहिला घास तोंडात घातला की मिस्त्री हातातला घास ताटात परत ठेवत, पुढे वाकत आणि विचारत, "हं. कसं लागतंय?"

"चांगलंय की."

"चांगलं ते हायच. पर कसं लागतंय, सांगा की."

'फर्मास' म्हणून सुटका होत नसे. 'झणझणीत' म्हटलं तर आणखीच अडकायला होई. "तिखट हाय ते मला बी कळतंय. त्याच्या मागनं काय येतंय? खोबरं म्होरं हाय का तीळ? कांदा भाजल्याला वाटतोय का तळल्याला?" आमचे एक हेडक्लार्क मोठ्या हौसेनं त्यांच्याकडे जेवायला गेले आणि परत आल्यावर म्हणाले, "रस्सा उत्तम, पण मॅट्रिकला मला इतके प्रश्न नव्हते."

तुम्ही काहीतरी जुळवून सांगितलं की मिस्त्री डोळे अर्धवट मिटून मान डोलवत. ओठांतल्या ओठांत ते शब्द पुटपुटत. मग "भाकरी आणतो" म्हणून आत जात आणि चांगली पाच मिनिटं आतच राहत. आत स्टोव्ह भरभरत असे, त्यामुळे काय बोलणं चाललंय ते बाहेर कळत नसे. येताना कधी भाकरी आणत, कधी विसरत.

मी तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. ऑइल इंजिनं तयार होत तिथं. मिस्त्री तिथलेच जुने फिटर. इंजिनाला कान लावून 'चौथ्या बोल्टाला ढील हाय' असं सांगणारा माणूस. राहायला आम्ही एकाच गल्लीत. पुढं ज्या उचापतीत मी सापडलो, तिला ही दोन कारणं पुरेशी झाली.

एकोणीसशे सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. आमच्या कारखान्याची इंजिनं मलेशियातल्या भाताच्या गिरण्यांनी घेतली. ती तिथं बसवून, चालवून द्यायला माणूस हवा होता. हातांसाठी मिस्त्रींना पाठवायचं ठरलं आणि तोंडासाठी मला, कारण मला इंग्रजी येतं असा साहेबांचा समज होता. तो मी मोडला नाही. परदेशी जायला मिळत असताना कोण मोडेल?

निघायच्या दिवशी गल्ली गोळा झाली. माझ्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. जुलेखाभाभींनी कांदा-लसूण चटणीची बरणी आणली आणि ती माझ्या हातात दिली. नवऱ्याला चिमूटभरसुद्धा नाही. मिस्त्री नुसते बघत राहिले.

"ह्यास्नी चटणी द्यायची न्हाय, दादा," त्यांनी मला बजावलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढ्या लांब जातायसा, तर तिथलं समदं खाऊन या. आन् काय खाल्लं, कसं लागलं, ते दर आठवड्याला कळवा. मलाबी घरबसल्या मुलूख बघू दे."

मिस्त्री एखाद्या शाळकरी मुलासारखे म्हणाले, "कळवतो."

कळवतो म्हणाले खरे, पण त्यांना लिहिता येत नव्हतं आणि भाभींना वाचता येत नव्हतं. म्हणजे लिहिणार मी आणि इकडे गल्लीत वाचून दाखवणार माझी बायको. हे माझ्या ध्यानात मद्रासला बोटीवर चढल्यावर आलं. तोवर उशीर झाला होता.

आठवडाभरानं पिनांगच्या धक्क्यावर उतरलो. इंग्रजांनी वसवलेलं गाव. समुद्राला लागून किल्ला, पांढऱ्या खांबांच्या कचेऱ्या, मनोऱ्यावर घड्याळ आणि चार पावलं आत गेलं की चिनी, तमिळ आणि मलायी माणसांची एकमेकांना खेटून बसलेली दुकानं. लोक असल्या गावाचे फोटो काढतात. मिस्त्री किल्ल्यातल्या तोफांवर बोटाच्या पेरानं टकटक करून बघत होते.

"बीड झ्याक हाय," ते त्या ओतीव लोखंडाबद्दल म्हणाले. "पर हितं बगा, ओतताना हवा धरलीया." रखवालदार धावत आला. मी माझ्या इंग्रजीत त्याला सांगितलं की हे तोफांचे डॉक्टर आहेत. त्यानं मिस्त्रींना सलाम केला आणि उरलेल्या तोफा स्वतः दाखवल्या.

गाव बघायची मिस्त्रींची पद्धत ठरलेली होती. आधी लोखंड, मग दगड, मग जेवण. पैकी पहिल्या दोन गोष्टी अर्ध्या तासात उरकत. मग गल्लीबोळ सुरू. मी मटण खाणारा कोल्हापूरकर असलो तरी पंचगंगेचा मासासुद्धा चारदा उलटून बघणारा माणूस. खोलीवर डाळ-भात शिजवावा, वर भाभींची चटणी घ्यावी, एवढीच माझी मागणी होती. मिस्त्रींनी ती पहिल्याच दिवशी फेटाळली. "घरात कळवायचं हाय न्हवं? डाळ-भात खाल्ला म्हणून कळवू?"

प्रत्येक नव्या ठिकाणी ते आधी दोन गोष्टी विचारत. स्वतःसाठी हलाल आहे का, आणि माझ्यासाठी ह्यात मोठ्याचं तर नाही ना. दुसरी गोष्ट विचारायला त्यांच्याजवळ शब्द नव्हता, म्हणून डोक्याला दोन बोटं लावून हंबरून दाखवत. चारचौघांत, भर बाजारात. "भाऊ, खुशाल खावा, ह्यात बैल न्हाय," असं सांगून मग ते स्वतः एक घास घेत आणि ताट दोघांच्या मध्ये सरकवत. "आता तुमी खावा. सांगा."

मला वाटायचं, माझ्यावर प्रयोग चाललाय. एकदा चिंचेच्या पाण्यातल्या माशाच्या शेवया खाल्ल्या. ते पत्र मला अजून आठवतं, कारण त्यापायी मिस्त्रींनी मला तीन वाट्या खायला लावल्या होत्या. 'आधी चिंच जिभेला लागते. मग मासा. तो आपल्या माशासारखा गोडसर नाही, सुक्या बोंबलाच्या दुकानावरून गेल्यासारखा. आणि गिळून झालं की पुदिन्याचं काहीतरी गारगार मागे राहतं.' मिस्त्री म्हणाले, "मागं राहतं, हे लई ब्येस. तसंच ल्ह्या."

अशी चार-चार पानी पत्रं दर आठवड्याला जात. त्याच पाकिटात माझ्या बायकोला मी लिहिलेल्या ओळीही असत. चार. 'प्रकृती बरी आहे. पाऊस आहे. मुलांना अभ्यासाला बसवणे.' परत आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं होतं, "शेजारणीसाठी इतकं सुचत होतं, मग माझ्या वाटणीला काय झालं होतं?"

तिथल्या माणसांची एक रीत होती. ओळख असो-नसो, दुपारी कुणी समोर आलं की विचारायचं, जेवलात का? आपल्यासारखीच. तिला सगळे 'हो' म्हणून पुढे जातात. मिस्त्री जेवले नसले की सरळ 'न्हाय' म्हणत आणि मान हलवत. समोरचा माणूस बिचारा अडचणीत येई आणि आम्हाला घरात घेई. मी शरमेनं मरून जात असे.

"मिस्त्री, ते नुसतं म्हणायचं असतं हो."

"आपल्याकडं 'न्हाय' म्हटल्यावर काय करत्यात? ताट वाढत्यात न्हवं? मग हिथं बी वाढत्यात. माणसं सारखीच हायत की." त्यांना त्यात कुठेच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कुणी आम्हाला हाकललंही नाही.

काम संपता संपता चार दिवस सुटी मिळाली तेव्हा आम्ही मलाक्क्याला गेलो. हे गाव आधी पोर्तुगिजांनी घेतलं, मग डचांनी, मग इंग्रजांनी. डचांच्या चौकातल्या इमारती गेरू फासल्यासारख्या लालभडक. टेकडीच्या पायथ्याशी पोर्तुगिजांच्या किल्ल्याचं एकच दगडी दार उरलेलं. मिस्त्रींनी त्याला दोन प्रदक्षिणा घातल्या. "दार ठेवून घर घिऊन गेलं व्हय हे?" मग म्हणाले, "एवढ्या लांबनं आली, भांडली, गेली. ह्येंच्या घरच्यास्नी काय वाटत आसंल?"

समुद्रकाठी त्या पोर्तुगिजांच्या वंशजांची कोळ्यांची वस्ती होती. एका घराच्या पायरीवर एक म्हातारी जाळं सांधत बसली होती. तिनं विचारलं, मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे 'न्हाय' म्हटलं आणि आम्ही आत गेलो. तिनं भात वाढला आणि वर कोंबडीचा लाल रस्सा, मोहरीचा आणि सिरक्याचा. पहिल्याच घासाला मला ठसका लागला. कोल्हापूरच्या माणसाला तिखटानं ठसका लागला, ही गोष्ट मी गल्लीत आजवर कुणाला सांगितलेली नाही. म्हातारी हसली. मग तिनं पदर नसलेल्या झग्याला हात पुसले, मिस्त्रींच्या पुढ्यात येऊन बसली आणि त्यांना मोडक्या इंग्रजीत विचारलं, कसं लागतंय?

एरवी लोकांना विचारलेला प्रश्न पहिल्यांदाच त्यांच्याकडे उलटून आला होता. मला हसू आवरेना. पण मिस्त्रींकडे पाहिलं आणि ते थांबलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि ते माझ्याकडे.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "तुमीच सांगा की."

मी सांगितलं. सिरका, मोहरी, भाजलेली मिरची, शेवटी आलं. ती खूश झाली. मिस्त्रींनी तिचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले आणि आम्ही बाहेर पडलो.

त्याच संध्याकाळी त्यांनी ते फळ आणलं. ड्युरियन. फणसाचा काटेरी नातेवाईक. त्याचा वास कसा असतो ते मी इथं लिहीत नाही, वाचक जेवायला बसलेले असतील. मिस्त्रींनी ते लॉजच्या खोलीत, स्वतःच्या पलंगाखाली ठेवलं. मी बाहेरून आलो तर लॉजचा मालक जिन्यात नाकाला फडकं लावून ओरडत होता आणि शेजारच्या खोलीतले पाहुणे सामान बाहेर काढत होते. खोलीत मिस्त्री शांतपणे पाय पुसत बसले होते.

"काय झालं वो?" त्यांनी विचारलं. "आग लागली का कुठं?"

मी दारातच थांबलो. "मिस्त्री, तुम्हाला वास येत नाही?"

मिस्त्रींनी फळ उचललं, मालकाला हात जोडले आणि ते खाली उतरले. आम्ही नदीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात चेनपुलीचा आकडा त्यांच्या डोक्यात मागून लागला होता, ते मला माहीत होतं. टाके पडले, आठ दिवसांनी कामावर आले, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

"त्या दिसापास्नं वास न्हाय," ते म्हणाले. "आन् वास न्हाय म्हंजे चव न्हाय. मीठ कळतंय, आंबट-गोड कळतंय, तिखटाची आग व्हतीया. बाकी समदं ओला पुठ्ठा चावल्यागत. डाक्तर म्हनला, यील कवातरी. न्हाय आली."

"भाभींना सांगितलं नाही?"

"कसं सांगू? पोरबाळ न्हाय आमास्नी. पेठंत तिला मान हाय तो तिच्या हाताचा. लगीन झाल्यापास्नं मी पैला घास घेतला की ती माझ्या तोंडाकडं बघतीया. ह्या तोंडाला आता काय कळत न्हाय म्हणून सांगितलं, तर ती कुणाच्या तोंडाकडं बघंल, भाऊ?"

मग मला सगळे पाहुणे आठवले. पुढे वाकून विचारलेले प्रश्न, ओठांतल्या ओठांत पाठ केलेली उत्तरं, भाकरीच्या निमित्तानं आत मारलेल्या फेऱ्या. हा माणूस लोकांच्या जिभेवरून शब्द उचलून बायकोला नेऊन देत होता. आणि मी त्याच्या विक्षिप्तपणाचे किस्से सांगून ऑफिसात चहा पीत होतो. मला माझी फार लाज वाटली.

त्यांनी फळ फोडलं आणि एक गर माझ्या हातावर ठेवला. मी डोळे मिटून खाल्ला. आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक मी काही खाल्लेलं नाही. "वर कांदा सडल्यासारखं वाटतं," मी सांगितलं, "पण आत शिरलं की बासुंदी आटून खाली लागते ना, तिची खरवड." मिस्त्रींनी मान डोलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "खरवड," ते म्हणाले. "तिला लई आवडती."

परत आल्यावर भाभींनी आम्हाला चिंचेच्या पाण्यातला तो मासा खायला घातला. माझ्या पत्रावरून केलेला. पंचगंगेचा मासा, मंडईतला पुदिना, शेवया गव्हाच्या. मिस्त्रींनी एक घास घेतला आणि "हुबेहूब!" म्हणून मांडीवर थाप मारली. हुबेहूब मुळीच नव्हता. पण गिळल्यावर पुदिना मात्र मागे राहत होता, आणि तेवढं मी मनापासून सांगितलं.

त्यानंतर दहा वर्षं सुटीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला असे. चव घेऊन सांगायची मला सवयच लागली. घरी बायकोलाही सांगू लागलो. तिला आधी संशय आला, नंतर बरं वाटलं. भाभींपासून मात्र एवढी मोठी गोष्ट लपवतोय, हे मला खात असे. त्या दारातून हसून बघत आणि मी नजर ताटात ठेवी.

एका सुटीला मला सणकून सर्दी झाली होती. जाऊ नये असं वाटत होतं, पण भाभींनी निरोप धाडला होता. रस्सा वाढला गेला. माझं नाक चोंदलेलं, जीभ लाकडासारखी. मिस्त्री वाकले. "हं. कसं लागतंय?"

मी दहा वर्षांच्या अनुभवावर ठोकून दिलं. "वा! खोबरं काय खरपूस भाजलंय आज."

मिस्त्री 'खोबरं खरपूस' असं पुटपुटत आत गेले. थोड्या वेळानं हातात भांडं घेऊन बाहेर आले. "दही आणाय सांगितलंय," म्हणाले आणि गल्लीच्या टोकाला गेले. भाभी स्टोव्ह बंद करून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, आज रश्शात खोबरं न्हाय. सकाळी बघितलं तर डबा रिकामा. निस्त्या कांद्यावर भागवलंय."

"भाभी, सर्दी झालीय हो मला. आज चवच कळत नाही."

"तुमास्नी आज झालीया," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी बारा वर्सं झाली."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. भाभी उंबऱ्यावर बसल्या. "डोक्याला लागल्यावर पंधरा दिसांनी दूध करपलं. घर धुरानं भरलं आन् हे स्टोव्हकडं पाठ करून निवांत पान लावत बसल्यालं. तवाच कळलं. मग मीच एकदा रश्शात मसाला घातला न्हाय, निस्तं तिखट-मीठ. तर म्हनले, आजच्यावानी कवा जमलं नव्हतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"किती जपलंय त्यांनी. म्या मोडू व्हय ते?" त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "चव न्हाय म्हटल्यावर माणूस जेवतंय का, दादा? चार म्हैन्यांत कमरंचा पट्टा दोन भोकं आत आलता. तिकडं गेलं आसतं तर निस्त्या चहा-बिस्कुटावर राहिलं आसतं. म्हणून म्हटलं, माझ्यासाठी खावा आन् मला कळवा. चटणी दिली आसती तर रोज चटणी-भात खाऊन उठलं आसतं. पत्र आलं की तुमच्या मंडळी वाचायच्या आन् मी मनात म्हणायची, चला, ह्या आठवड्याला जेवलं."

त्या चार-चार पानी पत्रांत मी काय काय वर्णनं केली होती, चिंचेची, सिरक्याची, बासुंदीच्या खरवडीची. त्यातून भाभी एकच गोष्ट ऐकत होत्या.

"आन् ते आत यिऊन तुमचं शब्द मला सांगत्यात न्हवं," भाभी उठता उठता म्हणाल्या, "ते तुमचं हायत हे मला ठावं असतंय. शेवटचं तेवढं ह्यांचं असतंय."

ते काय, हे विचारायच्या आत मिस्त्री दही घेऊन आले. भाभी आत गेल्या. मिस्त्री परत माझ्यासमोर बसले, माझ्या ताटात दही वाढलं, वाकले. "हं. आता?"

"कांदा चांगला परतलाय," मी म्हणालो. "सावकाश परतलाय. घाई केलेली नाही कुणी."

त्यांनी मान डोलवली, 'घाई न्हाय, घाई न्हाय' असं पुटपुटले आणि भाकरीच्या निमित्तानं आत गेले. दहा वर्षांत पहिल्यांदाच स्टोव्ह बंद होता. मी जेवायचा थांबलो.

"कांदा सावकाश परतलायस म्हणं," आतून मिस्त्रींचा आवाज आला. "घाई न्हाय केलीस." शेवटी ते म्हणाले, "तू जेवलीस का?"

"न्हाय अजून."

फळीवरून ताट काढल्याचा आवाज आला, आणि मागोमाग रश्शाच्या पातेल्यात पळी फिरल्याचा. त्या दिवशी मिस्त्री भाकरी घेऊन बाहेर आलेच नाहीत. चोंदलेल्या नाकानं, भरल्या डोळ्यांनी मी तो कांद्यावरचा रस्सा संपवला.